सुतळीचं दुसरं टोक

आत्या — सांगितलं होतं की नाही तुला? रडणाऱ्याची काळजी करू नकोस, गप्प झालेल्याकडे आधी बघ.

आई — ताई, ते तुम्ही वॉर्डातल्या बाळांबद्दल म्हणाला होतात.

आत्या — मोठ्या माणसांचं काही वेगळं असतं होय? या दारामागचा माणूस कित्येक महिने तुमच्या त्या फोरमवर अवाक्षर बोलला नाही, आणि तू मला काय म्हणालीस? "गप्प आहेत म्हणजे सगळं सुरळीत असेल."

आई — आमच्यात तसंच असतं हो. काही मोडलं की माणसं ओरडतात. कोणी ओरडत नाही, म्हणजे चाललंय. बेल वाजवू? कर्कश असली तर? पिल्लू आत्ता कुठे डोळे मिटतंय.

आत्या — मग दारावर टकटक कर. बेल वाजवायची का नाही, यावरही सभा घेशील तू.

मास्तर — कोण आहे? दार लोटलेलंच आहे. काही विकायचं असेल तर मात्र बाहेरूनच रामराम.

आई — मास्तर, मी… मी दुधाच्या पानवाली. फोरमवर फार शंका विचारते ती.

मास्तर — अरे! "हे असं केलं तर चुकून तसं तर होणार नाही ना" वाली?

आत्या — बघ. ओळखलं.

आई — या माझ्या नणंद. नर्स आहेत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. आणि हे… ताई, वायर! त्याच्या हाताशी वायर आहे!

आत्या — मी आहे ना. तू बोल.

मास्तर — बसा बसा. खुर्चीवरचे कागद ढकला खाली, सगळी रद्दीच आहे. आणि तू कशासाठी आलीस ते मला ठाऊक आहे. दुरुस्ती पाठवली होतीस, मी घेतली नाही.

आई — शुक्रवारी सर्व्हरवाले जुनी यंत्रं बंद करतायत. नव्यावर तुमची आत्ताची सुतळी चालणारच नाही. मी दुरुस्त केलेली चालते, तपासून पाहिलंय. पण नवी आवृत्ती सोडायची किल्ली एकट्या तुमच्याकडे.

आत्या — मला जरा कळेल असं सांगा. सुतळी म्हणजे नक्की काय? हिच्या तोंडी रोज ऐकते आणि मान डोलावते.

मास्तर — त्याचं असं झालं बाई, मी बस डेपोत वेळापत्रकं करायचो. वेब नवीन होतं तेव्हा. प्रत्येक थांब्याचं एक पान, हातानं लिहिलेलं. एका गाडीची वेळ बदलली की पन्नास पानं उघडून दुरुस्त करा. एक राहिलं की तिथला माणूस उन्हात उभा. मग मी एक छोटंसं साधन लिहिलं. वेळ एकाच ठिकाणी बदलायची, बाकीची पानं आपोआप बदलणार. एक टोक ओढलं की सगळं हलतं, म्हणून सुतळी. फुकट वाटली. लोकांनी तिच्यावर शाळा चालवल्या, दुकानं चालवली, एकानं तर लग्नं जुळवली.

आत्या — टिकली का लग्नं?

मास्तर — त्याच्या तक्रारी माझ्याकडे येत नाहीत, हे नशीब. एकच नियम केला होता मी. जुनं पान मोडायचं नाही. काल चालत होतं ते उद्याही चाललं पाहिजे.

आई — त्या नियमामुळेच तर मी आले सुतळीवर. बाकी प्लॅटफॉर्मवर दर वर्षी घर बदलल्यासारखं सामान बांधावं लागतं.

मास्तर — पण लोक तिकडेच गेले ना? मोठाले प्लॅटफॉर्म आले. वीतभर पानाला ट्रकभर सामान. चालायचंच. सोबतचे दोघे होते, त्यातला एक नोकरीत बुडाला. दुसऱ्यानं माझ्याशी अबोला धरला.

आई — कशावरून?

मास्तर — ओळीच्या शेवटी अर्धविराम सक्तीचा असावा की नसावा.

आत्या — एवढ्यावरून? मला वाटलं जमिनीचा वाद.

मास्तर — जमिनीचा असता तर मिटला असता. असो. पोरी, खरं सांगू? सुतळीचे दिवस भरले. मी सूचना लावून टाकतो, बंद म्हणून. तू तुझं पान दुसरीकडे हलव.

आई — शुक्रवारपर्यंत? मास्तर, ते काही माझ्या हौसेचं पान नाही. कुठल्या हॉस्पिटलच्या दूधपेढीत आयांनी दिलेलं दूध शिल्लक आहे, ते त्यावर दिसतं. हा झाला तेव्हा तळहाताएवढा होता. मला दूध येईना. आमच्या पेढीतलं संपलेलं. ताईंनी त्या पानावर बघितलं आणि नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून बाटल्या आणल्या. मी तेव्हा पलंगावर पडून होते, मला पान काय नि पेढी काय. मग कळलं, ते सांभाळणाऱ्या बाई काम सोडतायत. म्हटलं, द्या माझ्याकडे. आता ते बंद पडलं तर कुठल्या तरी आईला…

मास्तर — रडू नकोस. थांब, पाणी देतो.

आत्या — मास्तर, राहू द्या. पाणी टेबलावर चाललंय, पेल्यात नाही.

मास्तर — अं? हो का. धांदरटपणा, दुसरं काय.

आत्या — धांदरट माणूस सांडलेलं बघतो आणि मग चुकचुकतो. तुम्ही बघितलंच नाही. मघापासून माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघताय. समोरचं मधोमध दिसत नाही ना तुम्हाला?

मास्तर — ओळखलंत.

आत्या — कधीपासून?

मास्तर — बरेच महिने झाले. ज्या अक्षराकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. कडेकडेनं दिसतं. पडद्यावर अक्षर भाकरीएवढं केलं तर एकेक लागतं.

आई — मग आम्हाला का नाही कळवलंत?

मास्तर — काय कळवू? माझी एक खूण चुकली तर कुणाकुणाची पानं आडवी होतील, मला माहीतसुद्धा नाही. तुझी दुरुस्ती उघडली होती मी. पुन्हा पुन्हा. पण नीट वाचता येत नाही त्यावर सही कशी करू? त्यापेक्षा हात लावायला नको म्हटलं.

आई — आणि आम्ही तिकडे म्हणत होतो, मास्तरांना आता भाव चढलाय. मीही… मीही एकदा तसं लिहिलं.

मास्तर — ते मोठ्या अक्षरात वाचलं मी.

आई — अगं बाई.

मास्तर — जाऊ दे. शुद्धलेखन बरोबर होतं.

आत्या — डॉक्टरांना दाखवलंत?

मास्तर — वयाचं आहे, म्हणून…

आत्या — वयाचं की कशाचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. आता दुसरं. आमच्या वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स प्रत्येक पाळण्यापाशी उभी राहून सांगते, याला काय दिलं, त्याला काय होतंय. येणारी ते तिथंच परत म्हणून दाखवते. चुकली तर पुन्हा. सगळे पाळणे झाल्याशिवाय जाणारीनं चपला घालायच्या नाहीत.

मास्तर — बरं मग?

आत्या — मग काय, घाला मांडी. तुम्हाला वाचता येत नसेल, सांगता तर येतं? ही वाचेल, तुम्ही समजवा, ही परत म्हणेल.

आई — माझ्या हातून काही चुकलं तर, ताई?

आत्या — चुकशीलच. म्हणून तर परत म्हणायचं.

मास्तर — आणि ही उद्या दमली, हिचं पोर आजारी पडलं, म्हणजे? पुन्हा एकच टोक, एकाच हातात.

आई — मग दोघांच्या हातात द्या. त्या अर्धविरामवाल्यांचा फोन आहे तुमच्याकडे?

मास्तर — तो यायचा नाही. मेलो तरी खांदा द्यायचा नाही.

आई — तुम्ही मरायच्या आधी विचारून बघते. ताई, त्याच्या तोंडात काहीतरी आहे!

आत्या — माझं बोट आहे. तू वाच.

(शुक्रवारी दुपारी, तीच खोली. टेबल पुसलेलं, खुर्च्या मोकळ्या. बाळ आत्याच्या खांद्यावर जागं.)

मास्तर — जुन्या पानांचं काय करायचं? म्हण.

आई — जुनं पान आलं की नवी सुतळी आधी त्याची भाषा ओळखते आणि त्याच्याशी त्याच भाषेत बोलते. ते बदलायचं नाही. बदल वरच्या थरात करायचा.

मास्तर — आणि वरचा थर फसला तर?

आई — मागच्या आवृत्तीवर परत. लाज न बाळगता.

मास्तर — हे शेवटचं मी शिकवलं नव्हतं.

आई — अर्धविरामवाल्या काकांनी शिकवलं. काल रात्रभर त्यांनी माझी एकेक ओळ तपासली. तुमचा विषय निघाला की पहिल्यांदा शिव्या देतात, मग डोळ्यांबद्दल विचारतात.

मास्तर — शिव्या कसल्या? ठेवणीतल्या?

आई — ठेवणीतल्याच.

मास्तर — म्हणजे बरा आहे. त्याला म्हणावं, रविवारी ये. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलंय, आहे तेवढं टिकेल म्हणतायत. त्याचं नाक तरी दिसेल.

आत्या — अर्धविरामाचं काय ठरलं?

आई — ज्याला हवा त्यानं द्यावा.

आत्या — एवढंच होतं तर इतकी वर्षं…

मास्तर — बाई, तुम्ही बाळ सांभाळा. पोरी, सोड आता.

आई — सोडली. पान उघडते. थांबा… थांबा हं… आलं! ताई, नदीपलीकडे दूध आहे, आपल्या इथेही आहे. सगळं दिसतंय.

आत्या — बघ रे पिल्ल्या, तुझ्या आईनं श्वास घेतला. कधीपासून रोखून धरला होता.

मास्तर — आता नव्या आवृत्तीचं निवेदन. लोकांना कळायला हवं काय बदललं. लिहिलंस?

आई — लिहिलंय. वाचते. "सुतळीची नवी आवृत्ती आली आहे. जुनी पानं चालतील. यापुढे किल्ली दोघांकडे असेल. तिसऱ्या हाताची गरज आहे, नवशिके चालतील, आम्ही पाळण्यापाशी उभं राहून शिकवू."

मास्तर — पाळणा कुणाला कळणार?

आई — विचारतील. विचारायलाच हवंय त्यांनी. अजून एक ओळ आहे.

मास्तर — वाच.

आई — "जाता जाता: तुमचं रोजचं काम ज्या कुणाच्या जिवावर चालतं, तो माणूस बरेच दिवस बोलला नसेल, तर तक्रार नंतर लिहा, आधी त्याच्या दारावर टकटक करा आणि विचारा, बरे आहात ना?"