आंब्याखालचे टेबल

वैशाखातील दुपारी वाईच्या बसस्थानकावर सातारच्या गाडीची प्रतीक्षा करीत असता, मागील बाकावरील नणंद-भावजयांचे हे बोलणे कानी आले.

"वन्सं, उद्या आमचा कृष्णात त्येच्या पलटणीतल्या मेजरसाहेबांस्नी जेवाय आणतोय. आंब्याखाली टेबल मांडलंय. पोराची लाज राखाय पायजे."

"आन् ताटाभवती रांगोळी, वैनी?"

"टेबलावरच काढीन म्हणते."

"वारं सुटलं तर समदी आमरसात!"

"मग टेबलाखाली काढते."

"तितं साहेबांचं बूट येत्यात!"

"आगं बया! आता वं?"

"साहेबांस्नी म्हणावं, खुर्चीवरच मांडी घाला."

"आन् त्येंस्नी मांडी घालाय येत नसली तर?"

"येत न्हाई? मग मेजर कशानं केलं त्येंस्नी?"