रिकॉल झालेलं पोरगं

दौंडच्या स्टँडवर न्हावऱ्याच्या एसटीला थांबलेल्या फरीदाच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं आलं.

"साळूबाई, एकटीच? सार्थक आज सुट्टीवर येणार हुता न्हवं?"

"निघालाच हुता. तेवढ्यात सायबाचा फोन आला. पोरगं रिकॉल झालं!"

"म्हंजी काय गं?"

"शिपायाच्या वरचं पद हाय. आता सुट्टी कशी गावंल? घे, पेढा घे. बाई, तुम्ही बी घ्या."

फरीदानं पेढा घेतला. तिचा नवरा रशीद फौजेत असताना असाच रिकॉल झाला होता. सुट्टी रद्द झाली म्हणून भरल्या ताटावरून उठून तो सीमेवर गेला होता.

"लई मोठं पद हाय, मावशी," ती म्हणाली. "समद्यांना न्हाई मिळत."

दुसरी बाई गाडीची पाटी बघायला उठली. साळूबाई फरीदाजवळ सरकली.

"तुला ठाव हाय वाटतं, रिकॉल म्हंजी काय ते."

"व्हय."

"मला बी हाय. पर आई स्टँडवर रडली, असं गावातनं त्याच्या कानावर गेलं, तर तिकडं बंदुकीवरचा हात थरथरंल त्याचा."