विमानात टाकलेला रुमाल

लोणावळा स्टँडवर तिकोणा पेठेच्या एसटीची वाट पाहत चिंतामणी सरांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. कान मात्र शेजारच्या बयाबाईंकडे होते. त्या लेकाला, सत्यमला, अमेरिकेत भेटून नुकत्याच परतल्या होत्या आणि भाचीला विमानप्रवास सांगत होत्या. यजमान रखमाजी पलीकडच्या बाकावर पाठ फिरवून बसले होते.

"मागल्या सिटा जादा इकल्या व्हत्या, म्हणून मला एकलीलाच बिझनेस क्लासात बशिवलं. पलंगच गं! गादी, उशी, पाय पसरून जेवान!"

"आन् काका?"

"मागं, दोघांच्या मधी आवळलेले. माझ्या शेजारची सीट मोकळी दिसली, म्या टाकला रुमाल."

"विमानात?"

"मग! विमानातली पोरगी रुमाल उचलाया आली. म्हनलं, बाई, जागा धरलीया, आमचं मानूस मागं हाय."

"दिली का?"

"लय गोड हसली, आन् रुमालाची घडी घालून हातात दिली. तवापासनं हे माझ्याशी बोलंनात. म्हनत्यात, रुमाल टाकाया उशीर केलास!"

एसटी लागली. झुंबड उडाली. सर कोपरं मारत आत शिरले. दोनच जागा उरल्या होत्या, आणि त्यांवर खिडकीतून आलेला पांढरा टॉवेल ऐसपैस पसरला होता. खाली रखमाजी ओरडत होते,

"सत्यमच्या आये, चढ! बिझनेस क्लास धरलाय!"