कुंकवाची जागा

चहा घ्या, मग सांगतो. आमच्या पिकअपच्या मागच्या फाळक्याला बिजागरीपाशी गंज धरला होता. पापनाशमचा पत्रेवाला अंतोनी म्हणाला, "कापून नवा पत्रा जोडतो. गाडी तीन दिवस ठेवा."

ऐन नारळाचा हंगाम होता. मी म्हटलं, "पुट्टी भर, वर रंग मार."

"मारतो. पण फाळक्याला कुणाला टेकू देऊ नका, मुदलाळी." आमच्याकडं मालकाला मुदलाळी म्हणतात.

हे मी आमच्या ड्रायव्हरला, सेल्वमला, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी काढलीच नसती. नवरात्रातल्या आयुधपूजेला त्यानं गाडीला चंदन-कुंकू लावलं, ते नेमकं त्याच जागी. म्हणाला, "इथं रंग कसा चकाकतोय बघा."

आठवड्यानं गाडीत उभा राहून दोर आवळताना तो फाळक्याला टेकला. फाळका निखळला, सेल्वम पाठीवर पडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

यंदा पूजेला त्याला खुर्चीत बसवून आणलं. मी कुंकवाची वाटी पुढं केली. त्यानं हात लावला नाही.

"यंदा तुम्हीच लावा, मुदलाळी. पुट्टी कुठं कुठं भरलीय ते तुम्हालाच ठाऊक. नव्या ड्रायव्हरला दिसू दे."