जाळी देवळामागे होती

मी मूळची कोरेगावकडची. लग्न फौजीशी झालं, म्हणून छावण्या फिरत फिरत दिल्लीला आले, आणि हे रिटायर झाले तेव्हा नोएडात नवेनवे सेक्टर उठत होते, एका जपानी कंपनीच्या कारखान्यात हे पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर लागले, मी साफसफाईला.

काय सांगू तुम्हाला, त्या कारखान्याच्या गच्चीवर देऊळ आहे. एवढंसं, लाकडी, दारावर पेंढ्याचा पिळदार दोर, त्याला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. रोज ताजं पाणी, तांदूळ, मीठ ठेवायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी हळदकुंकू वाहिलं तर जपानी साहेबांनी स्वतः पुसलं, रागावले नाहीत, शिकवलं. हात धुवायचे, चूळ भरायची, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग मागायचं, पुन्हा वाकायचं. टाळ्या कशाला, तर देवाला कळावं आपण आलोय. आत मूर्ती कोणती विचारलं तर म्हणाले, दार उघडायचं नाही. बिल्कुल नाही. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू.

नव्या वर्षाला सगळ्यांना गच्चीवर नेतात, अपघात होऊ नये म्हणून प्रार्थना. त्या वर्षी प्रार्थना झाली आणि त्याच आठवड्यात प्रेसपुढची जाळी काढली, हात आत जाऊ नये म्हणून असते ती. का, तर माल सावकाश निघतो. आणि ठेवली कुठे, देवळामागे. एका सकाळी दोराची पट्टी गळून त्या जाळीत अडकलेली दिसली.

हे घरी म्हणाले, उद्या मी त्या मशीनला नाही म्हणणार. आणि मी, मीच म्हटलं, जा, एवढा मोठा साहेब देवापुढे वाकतो, तो तुमचं वाईट होऊ देईल का. चौथ्या दिवशी उजवा हात मनगटापासून गेला.

कागदावर लिहिलं, कामगाराची चूक. साहेब देवळापुढे रडले, मी पाहिलं, जाळी तिथेच होती, हललीसुद्धा नाही.

यांना गेटवर बसवलं. यंदा प्रार्थनेला हेही रांगेत होते. सगळ्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. यांनी डावा हात उचलला आणि तसाच धरला.

“मी आलोय हे त्याला कळायचं कसं, सुमन?”

आता प्रेसवर बिहारचा माणूस आहे, नवा. त्याची बायको मला विचारते, दीदी, यहाँ का भगवान अच्छा है ना. मी तिला गच्चीवर नेऊन जाळी दाखवली, म्हटलं, भगवान अच्छा है, तू उसे मत भेज.

आज सकाळी तो गेटातून आत जाताना दिसला. त्याचे दोन्ही हात राहोत, दुसरं काय म्हणू.