चिकटवलेल्या वह्या

कुरियरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी हाताने बनवलेल्या वह्यांचं खोकं धरून उभ्या होत्या.

“ताई, या वह्या तू डिंकाने चिकटवल्यास?”

“हो. हळू बोल.”

“आपलं शिवायचं ठरलं होतं. चिकटवलेली पानं चार दिवसांत सुटतात.”

“तुझी बोटं बघ किती सुजलीत. कपसुद्धा धरवत नाही तुला.”

“बोटं माझी आहेत. मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस.”

“म्हणून मी दवाखान्यात गेले तेव्हा तू गुपचूप उरकलंस.”

“मग काय करू? आईची बोटं अशीच गेली तेव्हा तिला भरवलं, तसं तुलाही भरवत बसू?”

धाकटीने खोकं ओढून घेतलं आणि ती रांगेतून बाहेर पडली.

“आता कुठे निघालीस?”

“घरी. सगळ्या सोडवून पुन्हा शिवायच्यात. सुई तू धरायची, आणि मी सांगेन तिथेच टाका घालायचा.”