मधल्या जागेची चूक

दातांच्या दवाखान्यात माझ्यामागे संग्रहालयातून निवृत्त झालेले एक सर आणि त्यांच्या जागी लागलेली मुलगी बसली होती.

“सर, कॉम्प्युटरवरची सफाई करणाऱ्या तुमच्या स्क्रिप्टने परवा फोटोंचं अख्खं फोल्डर पुसलं.”

“कसं काय?”

“पुसायचं होतं ते ‘फोटो रद्दी’. स्क्रिप्टने नाव जोडून आदेश बनवला आणि ‘इव्हॅल’ या कमांडने तो चालवला. मधल्या रिकाम्या जागेवर नाव तुटलं. ‘रद्दी’ वेगळं, ‘फोटो’ वेगळं. खरं ‘फोटो’च गेलं.”

“बॅकअप?”

“होता. बॅकअपनंतरचे चाळीस फोटो मात्र गेलेच.”

“साहेब काय म्हणाले?”

“मला झापलं. मी ऐकून घेतलं.”

“स्क्रिप्टमधली ती ओळ माझी आहे, हे नाही सांगितलंस?”

“तिथे अजून सगळे तुमचं नाव काढतात, सर. कशाला उगाच?”

“अगं, लिहितानाच ती मला खटकली होती. उद्या बघू म्हणालो, त्याला नऊ वर्षं झाली.”

“मी केली दुरुस्त. जाऊ दे ना आता.”

“जाऊ दे कसं? बोलणी तू खाल्लीस.”

“सर, आत बोलावतायत तुम्हाला.”

“दात थांबेल. आधी साहेबांना फोन लाव आणि माझ्याकडे दे.”